जार काढणारे हात आणि न उतरणारा ताप

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यात गायी-म्हशींवर उपचार करणारा पशुवैद्यक आहे. गाभ टाकलेल्या एका म्हशीचा अडकलेला जार (वार) काढताना माझा हातमोजा फाटला आणि उरलेले काम उघड्या हातानेच करावे लागले. पुढे महिनाभराने संध्याकाळचा ताप, रात्री दरदरून घाम आणि कंबरदुखी सुरू झाली. विषमज्वर समजून घेतलेल्या औषधाने ताप उतरला, पण पुन्हा आला. हा ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा जंतुसंसर्ग, असू शकतो का? जनावरांना याच रोगाची लस देताना सुई आपल्यालाच टोचली, तर तेवढ्यानेही धोका असतो का?

उत्तर : दोन्ही शंका रास्त आहेत. ब्रुसेलाचे जंतू गाभण जनावराच्या गर्भाशयात आणि वारेत प्रचंड संख्येने वाढतात. त्यामुळे या रोगाने गाभडलेल्या जनावराचा जार, गर्भजल आणि मेलेले वासरू यांच्याइतके धोकादायक गोठ्यात दुसरे काही नसते. हातावरच्या बारीक ओरखड्यांतून, डोळ्यांत उडालेल्या शिंतोड्यांतून किंवा श्वासावाटेही हे जंतू शरीरात शिरतात. म्हणून खांद्यापर्यंतचा हातमोजा घालूनही चेहरा उघडा ठेवणे हे अर्धेच संरक्षण आहे. लक्षणे कधी काही आठवड्यांनी, तर कधी काही महिन्यांनी दिसतात.

तापाच्या रुग्णाला डॉक्टर डेंग्यू-मलेरियाच्या खुणा विचारतात, गोठ्याविषयी विचारतीलच असे नाही. तेव्हा आपला व्यवसाय आणि ती म्हैस यांचा उल्लेख आपणहून करावा. रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी रोझ बंगाल चाचणी सोपी असली, तरी आपल्या व्यवसायातील माणसांत जुन्या संसर्गामुळेही ती सकारात्मक येऊ शकते. म्हणून प्रतिपिंडांचे प्रमाण मोजणारी चाचणी आणि शक्य तर प्रतिजैविक सुरू होण्याआधी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घ्यावे. कल्चरच्या वेळी प्रयोगशाळेला संशय आधीच कळवावा, कारण हे जंतू तेथील तंत्रज्ञांनाही बाधतात. उपचारात सहसा डॉक्सिसायक्लिनसोबत रिफॅम्पिसिन सहा आठवडे देतात. ताप पहिल्या काही दिवसांतच उतरतो आणि बरेच जण तिथेच गोळ्या सोडतात. आजार उलटण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

आता सुईविषयी. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस देतात. प्रचलित एस-19 लसीत जिवंत जंतू असतात. ते वासरांसाठी दुर्बल केलेले असले, तरी माणसाला त्यांच्यापासून खरा आजार होतो. उसळ्या मारणाऱ्या पारडीला टोचताना सुई बोटात जाणे किंवा लस डोळ्यांत उडणे हे आपल्या कामात नवलाचे नाही, आणि ते ‘किरकोळ’ म्हणून सोडून देण्याची आपली सवय मला अधिक घातक वाटते. टोचलेली जागा साबणाने, डोळे भरपूर पाण्याने धुवावेत आणि त्याच दिवशी लसीची कुपी घेऊन डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन याच दोन औषधांचा तीन आठवड्यांचा प्रतिबंधक क्रम देतात. आरबी-51 या ब्रुसेलोसिसच्याच दुसऱ्या लसीतील जंतू मात्र रिफॅम्पिसिनला दाद देत नाहीत, म्हणून लसीचे नाव सांगणे आवश्यक असते. गर्भवती पशुवैद्यक महिलांनी हे लसीकरण आणि जार काढण्याचे काम सहकाऱ्याकडे सोपवावे.

जनावर धरून ठेवणारा मालक आणि नंतर गोठा धुणारी त्याच्या घरातील बाई यांना तर हातमोजेही मिळत नाहीत. जार उकिरड्यावर फेकला, तर कुत्री तो गावभर पसरवतात. चुना टाकून तो खोल पुरल्याशिवाय आपण तिथून निघू नये.