जुना अल्बम घरात असताना त्याची रीमास्टर आवृत्ती पुन्हा विकत घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की रीमास्टरमध्ये, म्हणजे जुन्याच ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्यानं सुधारून काढलेल्या आवृत्तीत, फरक खरंच कळतो, की हा नुसता पैसे काढायचा धंदा आहे. ते अल्बमवर अवलंबून आहे. पण अमेरिकी गायक-गीतकार जीन क्लार्कचा १९७४ मधला ‘नो अदर’ असेल तर डोळे झाकून घ्या.

या अल्बमवरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद आहे. ताईचे यजमान, आमचे भाऊजी, क्लार्कच्या जुन्या रॉक बँडचे, ‘बर्ड्स’चे, कट्टर भक्त. त्यांच्या मते क्लार्क १९६६ मध्ये बर्ड्समधून बाहेर पडला आणि तिथंच संपला. माझ्याकडे तेव्हा ‘नो अदर’ची टेपवरून टेपवर उतरवलेली कॅसेट होती. कोरस, कीबोर्ड, तालवाद्यं, सगळ्याचा नुसता लगदा झालेला. दोन गाणी ऐकून भाऊजी म्हणाले, “अरे, वरचा हा सगळा थाट काढून टाक, खाली गाणंच नाहीये!” ते वाक्य मला फार लागलं. मला गाणं ऐकू येत होतं, पण त्यांना दाखवणार कसं?

बाजारही त्यांच्याच बाजूनं होता. निर्माता टॉमस जेफर्सन के यानं १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हिलेज रेकॉर्डर स्टुडिओत एक लाख डॉलरहून जास्त खर्चून आठच गाणी केली. अल्बम काढणाऱ्या असायलम या रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख डेव्हिड गेफन भडकला, जाहिरात फारशी झालीच नाही. अमेरिकेतल्या खपाच्या बिलबोर्ड यादीत अल्बम १४४ च्या वर चढला नाही आणि १९७६ पर्यंत बाजारातून गेलासुद्धा. क्लार्क १९९१ मध्ये वारला, त्याच्या हयातीत या कामाचं चीज झालं नाही. मला याचं आजही वाईट वाटतं.

२०१९ मध्ये ‘फोर एडी’ या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीनं मूळ टेपवरून लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रीमास्टर करून तो पुन्हा काढला. (त्यांच्याच ‘धिस मॉर्टल कॉइल’ या गटानं १९८६ मध्ये यातलं ‘स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज’ हे गाणं आपल्या पद्धतीनं गायलं होतं, म्हणजे हे प्रेम जुनं.) लीलँड स्क्लारची बेस गिटार आता जमिनीवर पाय रोवून उभी आहे. कोरसातल्या बायका क्लार्कच्या आवाजावर न बसता त्याच्या मागे उभ्या राहतात. ‘सम मिसअंडरस्टँडिंग’ तर आठ मिनिटांचं, तरी आता कुठेच सैल वाटत नाही. तो किती थकून आणि किती जपून गातोय ते पहिल्यांदा कळलं.

आणि या संचातली दुसरी सीडी! स्टुडिओत गाणी घेतानाचे सुरुवातीचे प्रयत्न, वर फारसं काही न चढवलेले. भाऊजींनी जे काढून टाकायला सांगितलं होतं ते इथं निघालेलंच आहे, आणि खाली ‘सिल्व्हर रेव्हन’ हे गाणं धडधाकट उभं आहे. मी त्यांना शेजारी बसवून ऐकवलं. म्हणाले, “मग वर एवढं चढवलं कशाला?” कारण क्लार्कला तेच हवं होतं! कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्रासमोर बसून लिहिलेली ही गाणी आहेत, त्यांना तेवढी मोठी जागा लागते. आणि भाऊजी बर्ड्सच्या ज्या ‘एट माइल्स हाय’ गाण्याची पूजा करतात, ते लिहिणाऱ्या तिघांत क्लार्क आहेच की. दौऱ्याच्या बसमध्ये रविशंकर आणि जॅझ सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनची टेप ऐकत ज्यांनी ते गाणं घडवलं, त्यांच्यातला हा माणूस आठ वर्षांत संपतो होय?

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. रीमास्टरमध्ये मूळ मिश्रण, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकमेकांत जशी बसवली ती, तसंच राहतं, फक्त शेवटचा हात नव्यानं फिरवतात. त्यामुळे मिश्रणच फसलं असेल तर त्यानं काही होणार नाही. काही रीमास्टर नुसते मोठ्या आवाजाचे असतात, मोठं ते कानाला आधी बरंच वाटतं. म्हणून दोन्ही प्रतींचा आवाज सारखा करून मगच तुलना करा. फोनच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर पैसे वाचवा. आणि ‘नो अदर’चा महागडा बॉक्स नको, दोन सीडींचा संच पुरे. तो घ्याल तेव्हा आधी दुसरी सीडी लावा.