क्षयरोगावर औषधं तर आहेत, मग आपले संशोधक अजून काय शोधतायत?

हा प्रश्न विचारताना तुम्ही असंही लिहिलंय की तुमच्या भावाचे उपचार सुरू आहेत आणि घरच्यांना काळजी वाटते. म्हणून त्या बाजूनेच उत्तर देते. मी तालुक्याला क्षयरोग पर्यवेक्षक आहे. रुग्णांच्या घरी जाणं हे माझं रोजचं काम.

जंतू शरीरात शिरलेल्या बहुतेकांना आयुष्यभर आजार होतच नाही. मग ज्यांना होतो त्यांना का होतो? यावर, विशेषतः आहाराच्या बाजूने, डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव या डॉक्टर-संशोधकांनी जे काम केलंय, ते मला कुठल्याही नव्या गोळीइतकंच मोलाचं वाटतं.

सुरुवात छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या गनियारीत झाली. तिथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचं रुग्णालय आहे. 2004 ते 2009 या काळात तिथे आलेल्या क्षयरुग्णांच्या वजनाच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा निदानाच्या वेळी पुरुषांचं मध्यक वजन (निम्मे त्याहून हलके, निम्मे जड) 42 किलो निघालं आणि बायकांचं 34. मोठ्या बाईचं वजन चौतीस किलो! असे आकडे आमच्या आदिवासी पाड्यांवरच्या उपचार कार्डांवरही दिसतात, म्हणून वाचताना मला ते परके वाटले नाहीत.

आहाराचा विचार आधी कुणी केलाच नव्हता असं नाही. 1956 साली मद्रासमध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या खास रुग्णालयात, ठेवलं, काहींना त्यांच्या घरी. घरी राहिलेल्या रुग्णांना खाणं कमी आणि विश्रांतीही कमी, तरी वर्षभराच्या औषधांनी दोन्हीकडचे रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले. त्यामुळे सॅनेटोरियमची गरज संपली आणि गरिबाला घरी राहून बरं होता आलं. हे फार मोठं काम होतं. पण त्याबरोबर औषध वेळेवर घेतलं की खाण्यावाचून अडत नाही, अशी समजूतही रुजली. आजार बरा होणं आणि मुळात आजार होणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा प्रश्न कितीतरी वर्षं मागे पडला.

तोच प्रश्न दोन्ही भार्गवांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत तपासला. 2019 पासून 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसं या अभ्यासात घेतली. रुग्णांना सगळीकडे शिधा मिळाला. निवडलेल्या भागांत मात्र घरातल्या बाकीच्यांनाही सहा महिने माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. लहान मुलांना त्याच्या निम्मं. मध्येच कोविड आला, तरी घरोघरचा पाठपुरावा 2022 पर्यंत चालला. शिधा मिळालेल्या घरांत नवा क्षयरोग 39 टक्क्यांनी कमी झाला आणि तपासणीत जंतू सापडणारा फुप्फुसाचा क्षय जवळपास निम्म्यावर आला. 2023 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तांदूळ आणि डाळ यांच्या जोरावर! मी तो निबंध आमच्या आशाताईंना मराठीत समजावून सांगितला.

रुग्णांबद्दलही एक गोष्ट दिसली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी होता. इथे जपून बोलायला हवं: शिधा सगळ्याच रुग्णांना मिळाला होता, त्यामुळे हा फरक केवळ खाण्यामुळे पडला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण वजनकाटा धोक्याची सूचना देतो, एवढं नक्की. चाळीस किलोच्या माणसाचं वजन दोन महिन्यांत दोन किलो वाढायला हवं. वाढलं नाही तर मी पुढच्या भेटीची तारीख बघत बसत नाही, डॉक्टरांना कळवते.

क्षयरुग्णांच्या आहारासाठी सरकारची निक्षय पोषण योजना 2018 पासून आहे. आधी महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 मिळतात. पैसे रुग्णाच्या खात्यात येतात, पण चूल एकच असते. आई स्वतःच्या ताटातली डाळ आजारी मुलाला वाढते हे मी पुन्हा पुन्हा पाहते, आणि अशा घरात पुढचा नंबर तिचा लागू शकतो.

म्हणून भावाचं वजन कराल तेव्हा घरातल्या सगळ्यांचं करा. खोकला, ताप, वजन घटणं असं काही असेल तर बेडका तपासून घ्या. काही नसेल तर घरच्यांसाठीच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल सरकारी दवाखान्यात आवर्जून विचारा. त्या मोफत मिळतात.