‘स्प्लाइस व्हेरियंट’ला पाठभेद म्हणावं का?

शिवाजी विद्यापीठात बायोटेक करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे: प्रोजेक्टचा सारांश मराठीत द्यायचाय, तर प्रथिनांच्या ‘स्प्लाइस व्हेरियंट’ना ‘पाठभेद’ चालेल का? आणि डेटाबेसमधल्या ‘अ‍ॅनोटेशन’ला, म्हणजे प्रथिनाला जोडलेल्या माहितीला, काय म्हणायचं?

‘पाठभेद’ सुचला हे छानच, पण इथं नको. पोथी नकलताना लिहिणाऱ्याचा हात चुकतो, अक्षर बदलतं आणि पुढच्या नकलांत तेच उतरतं. जनुकातलंच अक्षर बदललं, म्हणजे म्यूटेशन झालं, तर तिथं हा शब्द शोभेल. स्प्लायसिंगमध्ये मूळ पोथी शाबूत असते. तिच्या आरएनए नकलेतले इंट्रॉन (गाळायचे तुकडे) कापायचे, एक्झॉन (ठेवायचे तुकडे) जोडायचे, आणि कुठून कापायचं ते पेशीगणिक बदलू शकतं.

कोल्हापुरात हे सिनेमावरून पटकन कळतं. माझे मामा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. रीळ तुटलं की फाटकी टोकं सरळ कापायची, एका टोकाचा मसाला ब्लेडनं खरवडायचा, सिमेंट लावून दाबून धरायचं. दोन-चार फ्रेमा जायच्याच. इंग्रजीत यालाही स्प्लायसिंगच म्हणतात. मामांचा मात्र नाइलाज असायचा. पेशीचं काम संकलकासारखं, तीच रिळं घेऊन वेगळा सिनेमा काढणारं. बीसीएल-एक्स या जनुकाचं लांब प्रथिन २३३ अमिनो आम्लांचं, ते पेशीला मरणापासून वाचवतं. दुसऱ्या एक्झॉनचा एक तुकडा गाळला की १७० चं आखूड प्रथिन होतं, आणि ते पेशीला मरणाकडे ढकलतं. याला पाठभेद कसं म्हणणार?

म्हणून ‘रूप’ म्हणा. पहिल्यांदा ‘पर्यायी जोडणीतून झालेली रूपं’ असं सविस्तर, पुढं नुसतं रूप. युनिप्रॉट हा प्रथिनांचा डेटाबेससुद्धा म्यूटेशनचे बदल आणि जोडणीचे बदल वेगळ्या ओळींत दाखवतो. तिथं बीसीएल-एक्सचा क्रमांक क्यू०७८१७ आहे. लांब रूप क्यू०७८१७-१, आखूड क्यू०७८१७-२. आपल्या गट नंबरचे पोटहिस्सेच जणू! फक्त आकड्यांपुरतं हं, जमिनीचे हिस्से एकमेकांवर चढत नाहीत, ही रूपं बरीचशी सारखीच असतात.

‘अ‍ॅनोटेशन’ला ‘टीप’ तोकडी पडते, ती वाचली नाही तरी चालते. ‘भाष्य’ म्हटलं की कुणाचं तरी मत आलं. मी सात-बाऱ्यावरून ‘नोंद’ घेईन. तिथं नोंद चढवली की फेरफार क्रमांक लागतो, म्हणजे ती कशावरून आली ते शोधता येतं. युनिप्रॉटही माहितीला पुरावा जोडतं: प्रयोगातून आली, की नुसत्या साम्यावरून धरली.

सारांशात असं लिहिता येईल: ‘एकाच जनुकापासून पर्यायी जोडणीनं झालेल्या प्रथिनरूपांच्या नोंदी आम्ही तपासल्या.’ एक्झॉन, इंट्रॉन मात्र तसेच राहू देत, सर लोकही तेच म्हणतात.