डिसेंबरच्या १९ तारखेला कुठला नवा महिना?

प्रश्न: आमचं शिवोलीला घर आहे, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. गेल्या डिसेंबरात (२०२५) एक इस्रायली जोडपं होतं. १९ तारखेला, शुक्रवारी, अंगणात अजून ऊन होतं तरी त्यांनी दिवे लावले, मी मोजले, नऊ. म्हणाले आज हनुक्काची सहावी रात्र आणि नवा महिना पण. आता १९ ला कुठला नवा महिना? आणि पुढच्या शनिवारी रात्री तो अंगणात पुस्तक घेऊन चंद्राकडे बघत तीनदा टाचा उचलून उड्या मारतोय आणि बायकोला शालोम शालोम म्हणतोय! सासूबाई म्हणतात चंद्राची पूजाच ती. खरं का? आणि त्यांच्यात अधिक मास असतो का?
– एक वाचक, शिवोली

उत्तर: ताई, कालनिर्णय काढा आणि डिसेंबरचं पान बघा. २० ला सकाळी सातनंतर अमावास्या संपली आणि पौष लागला. त्यांचा, म्हणजे ज्यू पंचांगाचा, तेवेत महिनाही तिथेच लागला, रोश होदेश (नव्या महिन्याची सुरुवात) २० आणि २१ असा दोन दिवसांचा होता. त्यांचा महिना पण आपल्यासारखाच अमावास्येला संपतो, फक्त दिवस सूर्यास्तापासून मोजतात, म्हणून १९ च्या संध्याकाळीच सुरुवात. आणि गंमत म्हणजे हनुक्का हा त्यांचा दिव्यांचा सण किसलेवच्या, म्हणजे तेवेतच्या आधीच्या महिन्याच्या, २५ ला सुरू होतो त्यामुळे सहाव्या रात्री दरवर्षी हमखास नवा महिना लागतोच, आपली दिवाळी कशी अमावास्येला धरून असते तसंच, भर काळोखात दिवे.

नऊ दिवे म्हणजे हनुक्काचे सहा, ते पेटवायला एक वेगळा (त्याला शमाश म्हणतात) आणि शब्बाथचे दोन. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, तो लागल्यावर आग पेटवत नाहीत म्हणून उन्हातच घाई.

नव्या महिन्याची प्रार्थना मात्र त्याआधीच होऊन गेली असणार. रोश होदेशच्या आधीच्या शनिवारी, म्हणजे १३ ला, सिनेगॉगमध्ये (त्यांच्या प्रार्थनागृहात) महिना जाहीर करतात, चंद्र नेमका कधी जन्मणार ते तास-मिनिटांसकट सांगतात, आणि मग मागणं असतं की हा महिना चांगला जावो, दीर्घायुष्य मिळो, पोटापाण्याचं भागो. खुद्द रोश होदेशला हलेल म्हणजे ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणतात. एरवी त्यातला काही भाग गाळतात, पण हनुक्कात पूर्ण, म्हणून तेवेतची सकाळ जरा लांबते. पूर्वी हिशेब नव्हता तेव्हा जेरुसलेमला साक्षीदार यायचे, आम्ही कोर पाहिली म्हणून सांगायचे, मग न्यायमंडळ महिना लागला म्हणायचं, आणि किसलेवची खबर द्यायला तर मुद्दाम माणसं लांब लांब पाठवायचे, नाहीतर हनुक्का कधी धरायचा ते लोकांना कळणार कसं.

आता उड्या. सासूबाईंना सांगा पूजा नव्हे, आशीर्वचन चंद्र घडवणाऱ्याला आहे, चंद्रापुढे गुडघे टेकायचे नाहीत हे तर त्यांच्यात अगदी बजावलेलं. चंद्र वाढत असतानाच म्हणायचं, शक्यतो शब्बाथ संपल्यावर, उघड्यावर, म्हणूनच २७ चा शनिवार, तेव्हा अर्धा चंद्र होता बघा. उडी मारून म्हणतात, मी उडी मारूनही तुला हात लावू शकत नाही, तसे माझं वाईट चिंतणारे मलाही हात लावू न शकोत. मग शेजारच्याला तीनदा शालोम अलेखेम, म्हणजे तुम्हाला शांती लाभो, आता शेजारी बायकोच होती त्याला तो काय करणार! युरोपात हिवाळ्यात ढगांमुळे ताटकळत बसतात, आपल्याकडे उलटं, डिसेंबरात आभाळ लख्ख आणि आषाढ-श्रावणात चंद्र दिसेल तर शपथ.

एक गोष्ट मला लहानपणापासून गमतीची वाटते. माझं आजोळ अलिबागकडचं, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली म्हणायचे आम्हाला. इस्रायलबाहेर ४ डिसेंबरच्या (काही वर्षी ५ च्या) संध्याकाळपासून प्रार्थनेत पाऊस मागायला सुरुवात होते, ही एक तारीख चंद्राची नाही, सूर्याची, आणि मूळ हिशेब बाबिलोनच्या शेतीचा. इकडे आंब्याला मोहोर येतोय, काजू फुलतोय, आणि त्यात पाऊस मागायचा म्हणजे कोकणात काय गोव्यात काय बागायतदार मारायलाच धावेल. आजी प्रार्थना पूर्ण म्हणायची आणि मग मराठीत हळूच पुटपुटायची, "इथे नको रे बाबा, तिकडेच पाड."

अधिक मास आहे, १९ वर्षांत ७ वेळा, पण कायम अदार हा एकच महिना दोनदा येतो, आपल्यासारखा कधी ज्येष्ठ कधी श्रावण असं नाही. आपला अधिक ज्येष्ठ २०२६ ला, त्यांचा जादा अदार २०२७ च्या फेब्रुवारीत.

तेवेतनंतर शेवात लागतो, त्याच्या पौर्णिमेला झाडांचं नवं वर्ष. आमच्यात त्या दिवशी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात, भिजवलेले पातळ पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. पुढच्या वेळी पाहुणे शेवातपर्यंत राहिले तर करून द्या, फक्त पोहे जास्त भिजवू नका, लगदा होतो.