पन्नास मिली आणि तिघं: पुरेल का?

लुई थर्टीन या कोन्याकची (म्हणजे फ्रान्समधल्या कोन्याक भागात द्राक्षांपासून होणाऱ्या ब्रँडीची) ५० मिलीची लहान बाटली आणि प्यायला तिघं, हे पुरेल का आणि द्यायची कशी, असं तुम्ही विचारलंत. पुरेल, वर थोडी उरेलही. प्रत्येकी १५ मिली घाला आणि त्याला निदान अर्धा तास द्या.

आधी ग्लास. सिनेमात दिसतो तो मोठा फुगीर गोल ग्लास मला फोटोपुरताच बरा वाटतो. एवढीशी कोन्याक त्याच्या तळाशी पसरते आणि नाक आत घातलं की अल्कोहोलचा भपकाच आधी येतो. ट्यूलिपच्या आकाराचा, वर निमुळता होत जाणारा लहान ग्लास घ्या. दांडीला धरा. तळव्यानं ऊब देणं नको, मेणबत्तीवर धरणं तर नकोच. खोलीचं तापमान १८ ते २० अंश असलं की झालं. बर्फ घातलात तर ज्यासाठी पैसे मोजले तो वासच दबेल.

ओतल्यावर लगेच घुसळू नका. पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. मग ग्लास हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणा. आधी फुलं-फळं येतील. त्यानंतर हलकेच फिरवून पुन्हा हुंगा, आता लाकूड, मसाले, सुका मेवा. फार जुन्या कोन्याकमध्ये अक्रोड, अळंबी, जुनं चामडं यांच्या जवळ जाणारा एक वास असतो, त्याला रान्सियो म्हणतात. तो वर्षानुवर्षं ओकच्या पिंपात राहूनच येतो. पिंपात जाते तेव्हा ही दारू सुमारे ७० टक्के अल्कोहोलची असते, आणि दर वर्षी साधारण २ टक्के उडून जाते. (कोन्याक गावातल्या तळघरांच्या भिंती त्या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीनं काळ्या पडलेल्या असतात.) बाटलीत येईपर्यंत ती ४० टक्क्यांवर आणलेली असते, त्यामुळे वरून पाणी घालायची गरज सहसा नसते.

पहिला घोट थेंबभरच, फक्त जीभ सरावण्यासाठी. त्याच्यावरून मत बनवू नका. दुसरा जिभेवर फिरवा, गिळा आणि चव किती वेळ रेंगाळते ते बघा. पंधरा मिलीत असे सात-आठ घोट आरामात होतात. मध्ये साधं पाणी प्या. रिकामे ग्लास लगेच धुऊ नका, सुकलेल्या ग्लासाचा वास वेगळाच असतो.

त्या संध्याकाळी अत्तर, अगरबत्ती टाळा. जेवण तिखट असेल तर कोन्याकच्या आधी बराच वेळ जाऊ द्या.

ती ‘अजून मुरू द्यावी’ म्हणून कपाटात ठेवणार असाल तर उपयोग नाही. काचेत गेली की कोन्याक मुरणं थांबतं. एक्सओ, म्हणजे ‘एक्स्ट्रा ओल्ड’ दर्जाच्या कोन्याकसाठी २०१८ पासून किमान १० वर्षांची अट आहे, तीसुद्धा पिंपातल्याच वर्षांची. उरलेले चार-पाच मिली मात्र साठवू नका. एवढ्या कमी दारूवर बाटलीभर हवा राहिली की वास पटकन उतरतो. ज्यानं बाटली आणली, त्याच्या ग्लासात ओता.