जुनं कॅसिनो हॉटेल पाडताना पाहण्यासारखं काय असतं?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत जुनी कॅसिनो हॉटेलं स्फोट करून पाडतात ते कोणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे का, आणि मुद्दाम वाट वाकडी करून जावं असं त्यात काही असतं का.

मी पाहिलं आहे. १७ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी अटलांटिक सिटीतलं ट्रम्प प्लाझा पाडलं, तेव्हा मी तिथे होते. आम्ही दक्षिण न्यू जर्सीत राहतो, तिथून गाडीने तासाभराचं अंतर. जावं, असंच माझं मत आहे. पण त्या इमारतीची कुंडली आधी वाचून जा. ती माहीत नसेल तर समोर फक्त काँक्रीट पडतं आणि वीस सेकंदांत सगळं आटोपतं.

अटलांटिक सिटी हे समुद्रकाठचं छोटं गाव आहे, वस्ती चाळीस हजारांच्याही आत. किनाऱ्यालगत लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता आहे, त्याला बोर्डवॉक म्हणतात. त्याची सुरुवात १८७० ची. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कची माणसं एके काळी आगगाडीने इथे हवापालटाला यायची. पुढे विमानप्रवास स्वस्त झाला, लोक फ्लोरिडाकडे वळले आणि गाव ओस पडत गेलं. ते सावरावं म्हणून १९७६ मध्ये राज्यात सार्वमत घेऊन या एकाच गावात जुगाराला परवानगी दिली गेली. मे १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. तोवर अमेरिकेत कायदेशीर कॅसिनो म्हणजे नेवाडा राज्य, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरची सगळी गर्दी इकडे लोटली. कॅसिनो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटी येत असतील. इथलं चित्र वेगळं होतं. शेकडो खोल्यांची उंच हॉटेलं, आणि त्यांच्या पोटात खेळाची दालनं.

ट्रम्प प्लाझा मे १९८४ मध्ये सुरू झालं. सहाशेहून जास्त खोल्या, बोर्डवॉकच्या अगदी मधोमध, शेजारी गावाचं जुनं भव्य सभागृह. जून १९८८ मध्ये त्याच सभागृहात मुष्टियोद्धा माईक टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत लोळवलं. त्या लढतीसाठी देशभरातून बडी मंडळी आली होती आणि त्या काळात हा पत्ता सगळ्यांच्या तोंडी होता.

पण माझ्या लेखी या इमारतीची खरी गोष्ट तिच्या मागच्या बाजूला आहे. तिथे व्हेरा कोकिंग नावाच्या बाईंचं तीन मजली घर होतं. त्यांनी ते १९६१ मध्ये घेतलं होतं आणि तिथे त्या प्रवाशांना खोल्या भाड्याने द्यायच्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बॉब गुच्चिओनी या मासिकवाल्या उद्योगपतीला तिथे कॅसिनो बांधायचा होता. त्याने घरासाठी दहा लाख डॉलर देऊ केले, बाई नाही म्हणाल्या. मग त्याने त्यांच्या घराच्या भोवती आणि वरूनही लोखंडी सांगाडा उभा करायला घेतला. पैसे संपले, काम थांबलं, आणि तो गंजका सांगाडा वर्षानुवर्षं त्या घरावर तसाच उभा राहिला. १९९३ मध्ये तो उतरवला गेला. आजूबाजूच्या जागेचे नवे मालक डोनाल्ड ट्रम्प होते आणि त्यांना लिमोझिन गाड्या उभ्या करायला बाईंच्या घराची जागा हवी होती. बाई त्यांनाही नाही म्हणाल्या. तेव्हा राज्याच्या कॅसिनोविषयक विकास प्राधिकरणाने भूसंपादनाचा बडगा उगारला आणि भरपाई लावली २,५१,००० डॉलर. बाई कोर्टात गेल्या. १९९८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

सार्वजनिक हिताच्या नावाखाली जमीन घ्यायची आणि ती प्रत्यक्षात एका खाजगी धंद्याला द्यायची, हे आपल्याकडच्या वाचकाला फोड करून सांगायला नको. म्हणूनच मला ही गोष्ट इतकी जवळची वाटते. एका वयस्क बाईने दोन धनाढ्य उद्योगपतींपुढे आपला उंबरठा सोडला नाही. पुढे वयोमानाने त्या कॅलिफोर्नियाला गेल्या. २०१४ मध्ये घर लिलावात ५,३०,००० डॉलरला गेलं आणि त्याच वर्षी पाडलं गेलं. शेजारचा कॅसिनोही त्याच वर्षी बंद पडला. म्हणजे ज्या पार्किंगसाठी एवढं रान उठवलं, ते वापरायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं.

गिऱ्हाईक गेलं कुठे? २००६ हे अटलांटिक सिटीचं सर्वांत भरभराटीचं वर्ष, कॅसिनोंची मिळकत ५२० कोटी डॉलरच्या घरात. त्याच वर्षाच्या अखेरीस शेजारच्या पेनसिल्व्हेनियात पहिले कॅसिनो उघडले. फिलाडेल्फियाच्या माणसाला घराजवळ खेळायला मिळू लागलं, मग तो समुद्रापर्यंत कशाला येईल? पाठोपाठ मंदी आली. २०१३ पर्यंत मिळकत ३०० कोटींच्याही खाली घसरली. २०१४ मध्ये एकाच वर्षात गावातले चार कॅसिनो बंद झाले आणि सुमारे आठ हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या. प्लाझाचे दरवाजे १६ सप्टेंबरला बंद झाले.

त्या आठ हजारांत आपल्याकडची माणसं पुष्कळ होती. गुजराती आणि बांगलादेशी कुटुंबं तर अटलांटिक सिटीच्या आसपास मोठ्या संख्येने राहतात, आणि कित्येक घरांतून कोणी ना कोणी कॅसिनोत कामाला असतं. माझ्या ओळखीतल्या एक गुजराती बेन प्लाझात ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते वाटायच्या. इमारत पाडायच्या दिवशी त्या आमच्याच गाडीत होत्या. टेबल सोडताना डीलरला दोन्ही हात झटकून, तळवे उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवावे लागतात, हाताखाली चिप, म्हणजे पैशांऐवजी खेळात वापरायची चकती, लपवलेली नाही हे दिसावं म्हणून. बेन सांगत होत्या की नोकरी सुटल्यावरही कित्येक दिवस स्वयंपाकाच्या ओट्यापासून बाजूला होताना त्यांचे हात आपोआप तसे व्हायचे. कॅसिनो म्हटलं की आपण जुगारी आणि मालक एवढेच डोळ्यांपुढे आणतो. पत्ते वाटणारे, खोल्या आवरणारे, भांडी घासणारे, रात्रपाळीला पहाटेची बस पकडून घरी जाणारे, ही माणसं हिशेबात धरतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

बंद झाल्यावर इमारत सहा वर्षांहून जास्त काळ तशीच पडून होती. वादळवाऱ्यात तिच्या दर्शनी भागाचे तुकडे खाली पडू लागले. खाली बोर्डवॉक, माणसांची ये-जा. शेवटी गावाच्या प्रशासनाने ती पाडायलाच लावली. ट्रम्प यांचा या मालमत्तेशी कारभाराचा संबंध २००९ मध्येच संपला होता, आणि पुढे इमारत कार्ल आयकान या गुंतवणूकदार उद्योगपतींच्या ताब्यात आली होती. तरी लोकांच्या मनात नाव तेच राहिलं. स्फोटाचं बटण कोणी दाबायचं याचा लिलाव करून मुलांच्या एका संस्थेला पैसे द्यावेत, अशी महापौरांची कल्पना होती. मालकांनी सुरक्षिततेचं कारण देऊन तो लिलाव थांबवला आणि आयकान यांनी बदल्यात १,७५,००० डॉलर संस्थेला देऊ केले. मला हा शेवट योग्य वाटला. एवढ्या स्फोटकांचं बटण हौसेखातर कोणाच्या हातात देऊ नये.

आता प्रत्यक्ष पाडण्याविषयी. बघ्यांसाठी जागा ठेवली होती बेडर फील्डवर. ही गावाच्या मागच्या अंगाला खाडीकाठची बंद पडलेली धावपट्टी. दर गाडीला १० डॉलर. करोनाचा काळ, त्यामुळे बहुतेक लोक गाडीत किंवा गाडीला टेकून, तोंडाला मास्क. थंडी कडाक्याची.

इमारतीत सुमारे तीन हजार डायनामाइटच्या कांड्या भरल्या होत्या. हा आकडा ऐकून वाटतं की स्फोटानेच इमारतीचे तुकडे तुकडे होत असतील. तसं नसतं. अशा कामात आधी काही महिने आतून इमारत मोकळी करत नेतात. फर्निचर, वायरी, पाइप, आतल्या भिंती, सगळं काढतात. राहतो तो खांब आणि तुळयांचा सांगाडा. मग ठरावीक मजल्यांवरच्या खांबांना भोकं पाडून त्यांत स्फोटकं भरतात आणि कपचे उडू नयेत म्हणून खांबांना जाळी आणि जाड कापड गुंडाळतात. सगळे सुरुंग एकदम उडवत नाहीत. सेकंदाच्या बारीक बारीक अंशांच्या फरकाने, ठरलेल्या क्रमाने उडवतात. कोणता खांब आधी आणि कोणता नंतर, यावर इमारत कुठे झुकणार ते ठरतं. स्फोटकं फक्त आधार काढून घेतात. पाडायचं काम इमारतीचं स्वतःचं वजन करतं.

नऊ वाजून गेल्यावर खालच्या भागात धुराचे ठिपके दिसले. आम्ही किलोमीटरभराहून लांब होतो, त्यामुळे आवाज थोडा उशिरा पोचला. एकामागून एक धडाके, छातीत जाणवणारे. क्षणभर इमारत जशीच्या तशी उभी होती. माझ्या शेजारचा माणूस ‘फुसका गेला’ अशा अर्थाचं काहीतरी बोलायला लागला, तेवढ्यात एका बाजूने ती खचायला लागली आणि लाटेसारखं ते खचणं दुसऱ्या बाजूपर्यंत सरकत गेलं. मग सगळीच सरळ खाली. तिच्या जागी धुरळ्याचा लोट उठला आणि आजूबाजूच्या इमारतीही थोडा वेळ दिसेनाशा झाल्या. वीस सेकंदही लागले नसतील. धुरळा बसल्यावर राडारोड्याचा जो ढीग दिसला, तोच आठ मजली उंच होता.

लोकांनी गाड्यांचे हॉर्न वाजवले, आरोळ्या ठोकल्या. काही आरोळ्या उघड उघड त्या नावासाठी होत्या. ट्रम्प यांनी अध्यक्षपद सोडून तेव्हा महिनाही झाला नव्हता. मला त्या आनंदात सामील होता आलं नाही. धोकादायक झालेली इमारत गेली हे चांगलंच झालं, त्याबद्दल दुमत नाही. पण ती इमारत डायनामाइटने मेली नव्हती. ती २०१४ मध्ये, हजारभर माणसांच्या शेवटच्या पगाराबरोबर मेली होती, आणि त्या दिवशी हॉर्न वाजवायला कोणी आलं नव्हतं. बेन शेवटपर्यंत बोटाने दाखवत होत्या, कर्मचाऱ्यांचं दार कुठे होतं, कँटीन कुठे होती. त्या रडल्या वगैरे नाहीत. चहा घेऊया म्हणाल्या, आणि मग चहावर त्यांनी त्यांच्या पाळीतल्या एकेका बाईचं पुढे काय झालं ते सांगितलं. कोण फिलाडेल्फियाच्या कॅसिनोत गेली, कोणी वृद्धाश्रमात काम धरलं, कोण मुलाकडे ह्यूस्टनला गेली. त्या सकाळचं माझ्या मनात सर्वांत ठळक राहिलं आहे ते हे बोलणं.

आपल्याकडेही हे तंत्र आता लोकांनी पाहिलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये नोएडाचे जुळे मनोरे ३,७०० किलो स्फोटकांनी पाडले, ते जवळजवळ आखल्याप्रमाणे बसले. पाठोपाठ २ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर पुण्यात चांदणी चौकातला जुना पूल सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून उडवला. काँक्रीट गेलं, पण आतलं लोखंड अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्याने सांगाड्याचा काही भाग लटकत राहिला आणि तो यंत्रांनी पाडावा लागला. तेव्हा पुष्कळ लोकांनी खिल्ली उडवली. मला ती पटली नाही. जुन्या बांधकामाच्या पोटात नेमकं किती लोखंड आहे हे कागदावरून पूर्ण कळत नाही, आणि एवढ्या वर्दळीच्या चौकात कोणाला इजा न होता काम पार पडलं, हीच मोठी गोष्ट होती.

तुमच्या मनात लास व्हेगास असेल तर तेही सांगते. तिथे १९९३ पासून जुनी कॅसिनो हॉटेलं पाडणं हा एक सोहळाच झाला आहे. १९५७ मध्ये उघडलेलं ट्रॉपिकाना तिथे ९ ऑक्टोबर २०२४ ला पाडलं, त्या जागी बेसबॉलचं स्टेडियम करण्यासाठी. आधी ड्रोन आणि आतषबाजी, मग दोन्ही मनोरे मिळून २२ सेकंदांत खाली. पण ते पहाटे अडीच वाजता पाडलं आणि आम जनतेसाठी बघायची जागा ठेवलीच नव्हती. त्यामुळे आधी चौकशी केल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका. तारखाही बदलतात. प्लाझाचा मुहूर्त आधी जानेवारीअखेरचा होता, तो पुढे गेला.

गेलात तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा, धुरळा फार लांबवर जातो आणि तो छातीत जाऊ देण्यासारखा नसतो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या कानांची काळजी घ्या. फोन खिशात ठेवा, व्हिडिओ शंभर जण काढत असतात आणि ते सगळे तुम्हाला नंतर मिळतील. शक्य असेल तर महिनाभर आधी एकदा त्या इमारतीच्या भोवती पायी फेरी मारा, म्हणजे पडताना काय पडतंय ते कळेल. आणि दोन-तीन आठवड्यांनी परत जा. पोकलेनने राडारोडा उपसताना, सळ्या वेगळ्या काढून ट्रकमध्ये भरताना कुंपणाबाहेरून दिसतं. अटलांटिक सिटीत ते काम काही महिने चाललं होतं. त्यानंतरची काही वर्षं ती जागा मोकळीच राहिली.