पोराचं अ‍ॅप ठीक आहे, पण पैसे देणार कोण?

खानापूरच्या काकांना नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, पुण्याची नोकरी हातात आलीय आणि तो म्हणतोय नको, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आणि मशीन शॉप जोडणारं अ‍ॅप काढतो, ऑर्डरमागे दोन टक्के कमिशन घेतो. तुम्ही तिथंच वीस वर्षं लेथवर, आणि विचारताय हे बिझनेस मॉडेल म्हणजे काय नि त्यासाठी पीएफ काढू का.

मॉडेल म्हणजे पैसे कोण देणार, कशाचे देणार आणि पुढच्या महिन्यात परत देणार का, बस. प्रकार बरेच आहेत, कुंदा डब्यात भरून थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला कुरिअर करणं हे एक, अ‍ॅप फुकट देऊन त्यातल्या थोड्यांकडून जास्तीच्या सोयीचे पैसे घेणं हे दुसरं. जाहिरातीचं तर सोडूनच द्या, त्याला लाखांनी माणसं लागतात.

आता कमिशन. रेडबस 2006 मध्ये निघाली, ती बसवाल्यांकडून तिकिटामागे कमिशन घेते आणि ते चालतं, कारण प्रवासी दरवेळी नवा, आज हुबळी उद्या हैदराबाद, तो कुठल्या ट्रॅव्हल्सवाल्याचा नंबर जपून ठेवणार? उद्यमबागेत उलटं आहे की! एकदा कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, चांगलं मशीनिंग करून मिळालं की फाउंड्रीवाला दुसऱ्या ऑर्डरला सरळ फोन लावतो, चहा पितो, दर ठरवतो, अ‍ॅप राहिलं बाजूला. पहिल्या ऑर्डरचे दोन टक्के मिळतील, पुढचे कोण देणार? हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, पोराला एकदा सांगा तरी.

पण त्याच जागी एक दुखणं आहे. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, गेलेला माल जीएसटीच्या नियमाने एका वर्षात परत यायला लागतो, आणि हिशोब कशावर, तर तेलाचे डाग पडलेल्या चलान बुकावर. शंभर नग गेले, ब्याण्णव आले, पाच रिजेक्शन, उरलेले तीन कुठे यावरून दोघांची तासभर वादावादी. हा हिशोब मोबाइलवर ठेवून देणारा महिन्याला पाचशे रुपये मागू शकतो, आणि दर महिन्याला, कारण चलान रोज फाटतं. हे झालं सबस्क्रिप्शन.

माझं मत, नोकरीला नाही म्हणू नका अजून. जॉइनिंगला वेळ आहे तोवर त्याला तुमच्या ओळखीच्या पाच शॉपमध्ये पाठवा आणि पहिल्या महिन्यापासून पैसे घ्यायला लावा, ओळखीतलं फुकट दिलं तर कोण खोट पण काढत नाही आणि वापरत पण नाही. पाचांतल्या तिघांनी दुसऱ्या महिन्यात परत पैसे दिले तर मग बसून बोलू. कर्नाटक सरकारच्या स्टार्टअपसाठीच्या एलिव्हेट योजनेत निवड झाली तर 50 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते नंतरचं.

आणि पीएफला हात लावू नका हो, सध्या त्याला लॅपटॉप आणि गाडीत पेट्रोल एवढंच लागणार आहे.